फिल्मी पत्रकार व्हायचंय? आधी रंगपटाबाहेर थांबायला शिका

पत्रकारितेचा कोर्स संपवून आलेली मुलं-मुली हमखास विचारतात, ‘मोठ्या स्टारची मुलाखत कशी मिळवायची?’ माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मोठ्या स्टारची मुलाखत ही या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आठवड्यात पीआर कंपनी स्वतःच फोन करते, हॉटेलात बोलावते, घोळक्यात बसवते आणि काही मिनिटं देते. मग सगळे जण तेच छापतात. कठीण असतात ते वर्षाचे बाकीचे आठवडे, जेव्हा कुणीही फोन करत नाही आणि संपादक मात्र विचारतो, ‘या अंकाला काय आहे?’ तेव्हा हाताशी काहीतरी असणं म्हणजे या क्षेत्रातलं करिअर. आणि ते काहीतरी देणारी माणसं सहसा पोस्टरवर नसतात.

पुढचं सगळं मुंबई-पुण्यातून मराठी मासिकं, साप्ताहिकं, दिवाळी अंक आणि त्यांच्या वेब आवृत्त्यांसाठी लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आधी जुने अंक चाळा

बाबूराव पटेलांनी १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढलं. त्यातल्या परीक्षणांची निर्मात्यांना धास्ती असे. १९५२ मध्ये ‘फिल्मफेअर’ आलं, ते बरंच सभ्य आणि गुळगुळीत. १९७१ मध्ये नारी हिरांनी ‘स्टारडस्ट’ काढलं आणि संपादकपदी विशीतली शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे, यांना बसवलं. त्याच सुमाराला देवयानी चौबळ ‘स्टार अँड स्टाइल’मधल्या आपल्या सदरातून भल्याभल्यांची झोप उडवत होत्या. मराठीत ‘रसरंग’, ‘चित्रानंद’, ‘चंदेरी’ यांचा आपापला वाचक होता. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांनीही ‘चंदेरी’चं संपादन केलं होतं.

हा इतिहास पाठ करायची गरज नाही. मात्र एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपमागे अमिताभ बच्चन आहेत, असा समज झाल्यामुळे फिल्मी मासिकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. उलट त्यांनीही मासिकांशी बोलणं बंद केलं, आणि हा अबोला अनेक वर्षं चालला. त्या काळात त्यांचे चित्रपट चालत राहिले आणि मासिकंही खपत राहिली. ‘अमुक बोलत नाही म्हणून माझं काम अडलंय’ असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. दोन्हीकडे बसून जुने अंक वाचा. एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीला भेटायला जाण्याआधी चाळीस वर्षांपूर्वी ती काय बोलली होती हे ज्याला ठाऊक आहे, त्याची मुलाखत पहिल्याच मिनिटाला वेगळी होते.

पहिली पायरी: नाट्यगृह

मराठी फिल्मी पत्रकाराला एक सोय आहे, ती हिंदीवाल्यांना नाही. आपले सिनेमा-मालिकांतले कितीतरी कलाकार शनिवार-रविवारी रंगमंचावर असतात. शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन, बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण, कुठेही जा. प्रयोग संपल्यावर प्रेक्षक रंगपटाकडे जातात, कलाकार मेकअप उतरवता उतरवता त्यांच्याशी बोलतात. तिकीट काढून नाटक बघा आणि मग त्या रांगेत थांबा. पास मागू नका, निदान सुरुवातीला तरी.

पहिल्या भेटीत मुलाखत मागायची नाही. नाव सांगायचं, कुठे लिहिता ते सांगायचं, आणि आत्ता पाहिलेल्या प्रयोगातली एखादी बारीक गोष्ट बोलायची. दुसऱ्या अंकात त्यांनी एक वाक्य गिळलं आणि तरी हशा मिळाला, असं काहीतरी. ‘छान झाला प्रयोग’ हे त्यांनी त्या संध्याकाळी शंभर वेळा ऐकलेलं असतं.

पण खरी ओळख करून घ्यायची ती व्यवस्थापकाशी. नाट्यव्यवस्थापकाच्या डायरीत तारखा असतात. कुठल्या कलाकाराने पुढच्या महिन्यातल्या तारखा दिलेल्या नाहीत, कुणाच्या जागी रिप्लेसमेंट शोधणं चाललंय, कुठलं नाटक बंद पडणार आणि कुठलं दौऱ्यावर निघालंय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. नायिकेने तारखा काढून घेतल्या की समजावं, कुठेतरी मालिका किंवा सिनेमा ठरलाय. बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस कुणाच्या नावावर तिकीट विकलं जातं ते सांगेल, आणि ते कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा खरं असतं. रंगभूषाकार, कपडेपट सांभाळणारे, नाटकाच्या बसचे चालक यांच्याशी नुसतं बोलत राहा. बातमी लगेच मिळणार नाही. ती मिळेल तेव्हा मात्र फोन तुम्हालाच येईल, कारण बाकीचे पत्रकार त्यांच्या शेजारून कलाकाराच्या दाराकडे धावत गेलेले असतात.

मालिकांच्या सेटवर हेच थोड्या वेगळ्या रीतीने चालतं. गोरेगावची चित्रनगरी असो, घोडबंदर रोड, मढ किंवा वाई-साताऱ्याकडची लोकेशन्स असोत, आत शिरायला वाहिनीच्या पीआरची परवानगी लागते. ती मिळाली की ठरवून दिलेली मुलाखत संपल्यावर लगेच निघू नका. जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबा. स्पॉटदादा, सहायक दिग्दर्शक आणि लाइन प्रोड्युसर तेव्हाच मोकळे सापडतात.

एक बारीक गोष्ट. आपल्याकडे कलाकाराला ताई, दादा, मामा, सर म्हणायची पद्धत आहे. समोर खुशाल म्हणा. मजकुरात मात्र ‘ताई म्हणाल्या’ असं लिहू नका. वाचकाची ती ताई नसते, आणि नातं लावलेल्या माणसाला अवघड प्रश्न विचारताना तुमचीच जीभ अडखळते.

दुसरी पायरी: कागद

नवख्यांना वाटतं, या क्षेत्रात सगळं कुजबुजीवर चालतं. खरं तर सेलिब्रिटींबद्दलची कितीतरी माहिती सरकारी नोंदींत उघडी पडलेली असते आणि ती वाचायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही.

अभिनेत्याने फ्लॅट घेतल्याच्या बातम्या येतात, त्या कशातून येतात? महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचा शोध घेता येतो. तिथल्या ‘इंडेक्स टू’मध्ये घेणारा, देणारा, मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि भरलेलं मुद्रांक शुल्क असतं. ते वाचायला शिका, म्हणजे ‘कोट्यवधींचं घर’ असं न लिहिता नेमका आकडा लिहिता येईल. फ्लॅट क्रमांक आणि मजला मात्र छापू नका. कुणाच्या दारात गर्दी पाठवणं हे आपलं काम नाही.

कलाकार निवडणुकीला उभा राहिला तर त्याचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येतं. अमोल कोल्हे शिरूरमधून आणि उर्मिला मातोंडकर उत्तर मुंबईतून २०१९ मध्ये लढले, तेव्हा त्यांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, खटले हे सगळं त्यांच्याच सहीने जाहीर झालं. कुठल्याही मुलाखतीत एवढं मिळालं नसतं. न्यायालयाचे आदेश उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर असतात. वकिलाने बाहेर येऊन जे सांगितलं ते आणि आदेशात जे लिहिलंय ते, यात पुष्कळदा जमीन-अस्मानाचा फरक असतो. चित्रपटाची लांबी आणि प्रमाणपत्राचा वर्ग सेन्सॉर प्रमाणपत्रावर असतो. २०२४ च्या नियमांनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, तेव्हा नुसतं ‘यूए’ लिहिलं तर माहिती अर्धी राहते.

कमाईच्या आकड्यांबद्दल फक्त एवढंच: ग्रॉस म्हणजे करासह तिकीटविक्री, नेट म्हणजे कर वजा जाता, आणि शेअर म्हणजे थिएटरचा वाटा दिल्यावर वितरकाच्या हाती उरतं ते. निर्माता पोस्टरवर यातला सगळ्यात मोठा आकडा छापतो. तुम्ही कुठला छापताय हे वाचकाला सांगा.

तिसरी पायरी: शब्दांकन

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची. आजही या अंकांत कलाकारांचे प्रथमपुरुषी लेख असतात आणि खाली बारीक टायपात ‘शब्दांकन : अमुकतमुक’ असं छापलेलं असतं. ते अमुकतमुक तुम्ही व्हा. मराठीत या क्षेत्रात शिरण्याचा याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही. त्याचं कारण साधं आहे: शब्दांकनासाठी कलाकार तुम्हाला तास-दोन तास देतो, कधी घरी बोलावतो, आणि त्याला विकायचा असा कुठलाही सिनेमा त्या दिवशी नसतो.

अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या सुरुवातीलाच चालू होते. जूनमध्ये संपादकांना फोन करा. गणपतीनंतर केलात तर पानं भरलेली असतील. ‘मला कुणाचंही शब्दांकन करायला आवडेल’ असं म्हणू नका. अमुक अभिनेत्रीचा तमुक विषयावर लेख, कारण असं-असं, आणि त्यांच्याशी माझं बोलणं झालंय, असा नेमका प्रस्ताव द्या. रंगपटाबाहेर थांबण्याचा उपयोग इथे होतो.

आता कौशल्याचा भाग. कलाकार बोलतो, ‘तेव्हा मी एसटीनं जायचो. कंडक्टर ओळखीचा झाला होता, तो मागची सीट धरून ठेवायचा. मी झोपायचो अन् तो मला स्टँडवर उठवायचा.’ आणि नवखा शब्दांकनकार लिहितो, ‘त्या संघर्षमय दिवसांत मी एसटीने प्रवास करीत असे. अनेकांनी मला मोलाची साथ दिली.’ कंडक्टर गेला, मागची सीट गेली, माणूसही गेला. ‘संघर्षमय’ हा शब्द तेवढा आला, जो त्याने उच्चारलाच नव्हता. कोल्हापूरच्या माणसाला सदाशिव पेठेत आणून बसवू नका. त्याची वाक्यं आखूड असतील तर आखूडच ठेवा. तोच किस्सा तो दोनदा सांगेल, त्यातला जास्त जिवंत घ्या. तारखा, नावं, आधी नाटक की आधी सिनेमा, हे मात्र स्वतः तपासा. माणसं स्वतःच्याच आयुष्याचा क्रम चुकवतात, त्यात खोटेपणा नसतो.

शब्दांकन छापण्याआधी कलाकाराला दाखवायचं, कारण लेख त्यांच्या नावावर आहे. मुलाखत मात्र दाखवायची नाही, कारण ती तुमच्या नावावर आहे. हा फरक पहिल्याच फोनवर स्पष्ट करा. मुलाखतीतली एखादी तारीख किंवा नाव पडताळायला फोन करणं वेगळं, आणि सगळा मजकूर सेक्रेटरीला व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘ओके’ मागणं वेगळं. एकदा पाठवलात की पुढच्या वेळी ते गृहीतच धरतात, आणि परत येणाऱ्या मजकुरात नेमकं चांगलं वाक्य खोडलेलं असतं.

चौथी पायरी: प्रश्न

‘तुमचा आजवरचा प्रवास कसा होता?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गृहपाठ न केलेला समजतो. ‘या भूमिकेची तयारी कशी केली?’ हाही त्याचाच भाऊ. उत्तर पाठ असतं, कारण सकाळपासून तेच चाललेलं असतं.

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आधी कधी द्यावं लागलेलं नाही. पहिल्या मानधनाचं काय केलंत, एवढं विचारलंत तर ‘आईला साडी घेतली’ येईल. ते मानधन किती होतं, कुणी दिलं, रोख की चेक, आणि ठरलेलं पूर्ण मिळालं का, हे विचारलंत तर उत्तर द्यायला माणसाला खरोखर आठवावं लागतं. चेहरा बदलतो तो तिथे. तांत्रिक प्रश्नांना कमी लेखू नका: अश्रू ग्लिसरीनचे की स्वतःचे, डबिंगला आवाज बसला नाही तेव्हा काय केलं, दिवसाचे किती सीन होतात. कलाकारांना आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं, आणि त्यांना ते क्वचितच कुणी विचारतं.

‘ऑफ द रेकॉर्ड’ हे बोलण्याआधी ठरतं. सांगून झाल्यावर ‘हे छापू नका हं’ असं कुणी म्हणालं तर तांत्रिकदृष्ट्या तुम्ही बांधलेले नसता. माझं मत: कलाकार नवखा असेल तर सोडून द्या, सराईत असेल तर तिथल्या तिथे वाद घाला. उत्तरासाठी शांत बसणं जमलं पाहिजे. आपल्याला गप्प राहवत नाही, आणि समोरचा विचार करत असतानाच आपण पुढचा प्रश्न टाकतो. रेकॉर्डिंग करताना सांगून करा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, आणि तरी वहीत लिहा. भिंतीवर काय होतं आणि मध्येच कुणाचा फोन आला, हे रेकॉर्डरमध्ये येत नाही.

मुलाखतीनंतर सेल्फी मागू नका. ज्याच्याबरोबर आत्ता हसत फोटो काढला, त्याच्याविरुद्धची बातमी पुढच्या महिन्यात लिहावी लागू शकते.

पाचवी पायरी: कोण म्हणतंय, आणि त्याला कसं माहीत

नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात होते. एका रात्री त्यांच्या निधनाची बातमी सगळीकडे पसरली, श्रद्धांजल्या वाहून झाल्या, आणि कुटुंबीयांना पुढे येऊन सांगावं लागलं की ते जिवंत आहेत. त्यांचं निधन काही दिवसांनी, २६ नोव्हेंबरला झालं. मधले दिवस त्या घराने कसे काढले असतील याचा विचार प्रत्येक नव्या वार्ताहराने एकदा करावा.

अशा वेळी एकाच उगमाची बातमी दहा ठिकाणी दिसते आणि दहा जणांनी खातरजमा केल्यासारखं वाटतं. ट्वीट, त्या ट्वीटवरून पोर्टल, पोर्टलवरून वाहिनी, हे सगळं मिळून एकच सूत्र असतं. निधनाची बातमी कुटुंब किंवा रुग्णालय यांच्यापैकी कुणी स्वतःच्या तोंडून सांगितल्याशिवाय द्यायची नाही. तुमच्याआधी दुसऱ्याने दिली तर देऊ दे. मृत्युलेख आधीपासून तयार ठेवायला हरकत नाही, सगळेच ठेवतात. फक्त ती फाइल वेबच्या सिस्टिममध्ये टाकू नका, चुकून प्रसिद्ध होते.

मुलांच्या बाबतीत आणखी जपून. आराध्या बच्चनच्या तब्येतीबद्दल काही यूट्यूब चॅनेलांनी खोटं चालवलं, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते व्हिडिओ काढायला लावले आणि मुलांनाही सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे याची आठवण करून दिली.

कायद्याचं थोडं

पूर्ण कायदा वकिलाकडून समजून घ्या, पण काही गोष्टी पाठच हव्यात. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ आधी तो दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० मध्ये होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. फौजदारी खटल्यात ‘मी लिहिलं ते खरं आहे’ एवढ्याने भागत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं म्हणून सुटका होत नाही. ‘अमुक-तमुकचं बिनसलं?’ हे वाचकाच्या डोक्यात विधान म्हणूनच जातं.

खासगीपणाबद्दल १९९४ चा राजगोपाल खटला माहीत हवा. सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर संमतीशिवाय छापता येतो, पण लग्न, कुटुंब, मातृत्व अशा खासगी बाबी नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. म्हणून तर मी कागदांवर एवढा भर देतो. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिलेला निकालही वाचा. आत्महत्या आणि तपासाबद्दल काय छापू नये, हे त्यात सविस्तर आहे.

पीआर, पाकीट आणि पानं

पीआरवाल्यांशी भांडण नको. बिचारे पगारासाठी फोन करतात आणि त्यांच्यातले कितीतरी पूर्वी पत्रकारच होते. त्यांची प्रेस नोट ही बातमीची सुरुवात समजा. विमानतळावर ‘अचानक टिपलेला’ फोटो पुष्कळदा आधी कळवून टिपलेला असतो, हे वाचकाला माहीत नसलं तरी तुम्हाला माहीत असावं. शूटिंग बघायला परदेशी नेलं असेल तर खर्च निर्मात्याने केला हे लेखात लिहा. संपादक कापेल, पण तुम्ही लिहा. कुणी पैशांचं पाकीट हातात ठेवलं तर ते परत करा. ते चारचौघांत परत करायचं नसतं. निघताना शांतपणे द्यायचं, ‘ऑफिसात चालत नाही’ म्हणायचं.

पैसे घेऊन छापलेला मजकूर ‘जाहिरात’ असं नमूद करून छापावा. मासिक तसं करत नसेल तर निदान त्यावर आपली बायलाइन, म्हणजे लेखक म्हणून नाव, येऊ देऊ नका.

आणि भाषा. ‘मौन सोडलं’, ‘चाहत्यांच्या हृदयावर अधिराज्य’, ‘अदांनी घायाळ’, ‘सोशल मीडियावर धुमाकूळ’ ही वाक्यं कुणीही लिहू शकतं, आता यंत्रही लिहितं. चौबळ बाईंच्या सदराची ओळ वाचकाला नाव न बघता कळायची.

पोट

छापील फिल्मी मासिकं कमी झाली आहेत, तेव्हा फक्त एका ठिकाणच्या पगारावर उभं राहणं सुरुवातीला जमत नाही. बहुतेकांची वाट अशी जाते: पुरवणीसाठी फुटकळ लेखन, मग एखाद्या मासिकात किंवा पोर्टलवर उपसंपादकाची नोकरी, बाजूने दिवाळी अंक, मग सदर. पुढे कुणी पुस्तकाचं शब्दांकन घेतं, कुणी वाहिनीत किंवा ओटीटीच्या कंटेंट विभागात जातं, कुणी इतिहासाकडे वळतं. इसाक मुजावरांनी चित्रपट पत्रकारिता करता करताच मराठी चित्रपटाच्या इतिहासाचं मोठं काम केलं. पीआरमध्ये गेलात तरी काही गैर नाही. एकाच वेळी दोन्ही करू नका, एवढंच. ज्या नटाचं काम घेतलंत त्याच्याबद्दल बातमी लिहायची नाही.

मानधनाचं आधी विचारायला लाजू नका. लेख स्वीकारल्याच्या मेलमध्येच रक्कम, शब्दसंख्या आणि पैसे कधी मिळणार हे लिहून घ्या. मजकुराचे हक्क फक्त त्या अंकापुरते की कायमचे, हेही विचारा, कारण तीच मुलाखत पुढे पुस्तकात घ्यायची असेल तर तिथेच अडते. अंक बाजारात आला की पॅन आणि बँकेच्या तपशिलासह बिल पाठवा, महिन्याभरात आलं नाही तर हिशोब विभागाला फोन करा, संपादकाला नको. टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागा. आणि अंकाच्या दोन प्रती ठेवा: एक घरी, एक पुढच्या वेळी त्या नाट्यव्यवस्थापकाला द्यायला.